घराण्यातील आजार : लाज नव्हे, जबाबदारी

१८ मे २०१७ रोजी व्हॅटिकनमधील पोप पॉल सहावे सभागृहात एक आगळावेगळा मेळावा भरला होता. देशोदेशींहून आलेली शेकडो कुटुंबे तेथे जमली होती. कुणाचे हातपाय अनावरपणे हलत होते, कुणाला नीट बोलता येत नव्हते, कुणी चाकांच्या खुर्चीवर होते. व्हेनेझुएला, कोलंबिया आणि अर्जेंटिना या देशांतील अत्यंत गरीब कुटुंबांचाही त्यांत समावेश होता. या सर्वांना एकत्र बांधणारा धागा एकच होता. त्यांच्या घराण्यांत ‘हंटिंग्टन’ नावाचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘यापुढे लपून राहणे नाही’ असे त्या मेळाव्याचे बोधवाक्य होते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी त्या दिवशी या कुटुंबांची भेट घेतली, त्यांना आलिंगन दिले आणि त्यांच्याशी संवाद साधला. या आजाराच्या रुग्णांना आजवर लपविले गेले, त्यांच्याभोवती लाजेच्या आणि तिरस्काराच्या भिंती उभारल्या गेल्या. प्रभू येशू मात्र आजाऱ्यांना भेटला, त्यांना त्याने स्पर्श केला आणि अशा भिंती पाडून टाकल्या, अशा आशयाचे विचार पोपमहोदयांनी मांडले. हंटिंग्टनच्या रुग्णांची एखाद्या परमगुरूंनी अशा प्रकारे जाहीर भेट घेण्याची ही पहिलीच वेळ होती.

हा आजार दुर्मीळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचे नावही ऐकले नसेल. परंतु ज्या लपवाछपवीविषयी पोपमहोदय बोलले, ती आपल्या घराघरांत आहे. आजोबा कशाने गेले, आत्या तरुणपणीच अंथरुणाला का खिळली, मामांच्या डोक्यावर परिणाम कशामुळे झाला, हे प्रश्न मुलांनी विचारले की आपण विषय बदलतो. आनुवंशिक आजार म्हणजे काय, तो कसा चालत येतो आणि त्याविषयी मौन पाळल्याने कोणते नुकसान होते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

तीन पिढ्यांच्या डॉक्टरांचे निरीक्षण

जॉर्ज हंटिंग्टन हा अमेरिकेतील लाँग आयलंड येथील एक तरुण डॉक्टर. त्याचे वडील आणि आजोबाही त्याच परिसरात वैद्यकीय व्यवसाय करीत होते. तेथील काही घराण्यांत एक विचित्र आजार या तिघांनीही पाहिला होता. धडधाकट माणसाला ऐन संसाराच्या वयात हातापायांचे झटके येऊ लागत, चालताना तोल जाई, पुढे बुद्धी आणि स्वभाव बदले आणि अखेरीस मृत्यू येई. वडिलांच्या आणि आजोबांच्या निरीक्षणांचा आधार घेऊन जॉर्जने १८७२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी तो जेमतेम बावीस वर्षांचा होता. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलांपैकी काहींना तो बहुधा होतो. परंतु ज्या मुलाला तो होत नाही, त्याच्या पुढच्या पिढ्या त्यापासून कायमच्या मुक्त होतात, हे त्याने अचूक टिपले होते.

एका पिढीपुरते पाहणाऱ्या डॉक्टरला हे कळले नसते. तीन पिढ्यांची माहिती एकत्र आली म्हणूनच हे सत्य उजेडात आले. घराण्याचा आरोग्य-इतिहास किती मोलाचा असतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हा आजार बहुधा तीस ते पन्नास या वयात डोके वर काढतो. क्वचित बालपणी वा किशोरवयातही तो होतो. प्रथम चिडचिड, विसराळूपणा, खिन्नता किंवा किरकोळ धडपड जाणवते. नंतर अनैच्छिक हालचाली वाढत जातात, बोलणे अस्पष्ट होते, घास गिळणे कठीण होते. सुरुवातीपासून साधारणतः पंधरा ते वीस वर्षांत रुग्ण पूर्णपणे परावलंबी होऊन दगावतो. हालचाली आणि खिन्नता यांवर औषधे आहेत. व्यायाम, आहार आणि वाचा-उपचार यांनी बराच दिलासा मिळतो. मूळ आजार बरा करणारे औषध मात्र अद्याप उपलब्ध नाही. एका जनुकोपचारामुळे काही थोड्या रुग्णांमध्ये आजाराचा वेग मंदावल्याचे प्राथमिक निष्कर्ष २०२५ साली जाहीर झाले. त्यामुळे प्रथमच खरी आशा निर्माण झाली आहे.

मठाच्या बागेतून मिळालेले ज्ञान

आनुवंशिकतेचे मूलभूत नियम जगाला एका कॅथलिक संन्यस्त धर्मगुरूने दिले, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे. ऑगस्टिनियन संघाचे फादर ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत वर्षानुवर्षे वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग केले आणि आपले निष्कर्ष १८६६ साली प्रसिद्ध केले. पुढे ते त्याच मठाचे मठाधिपती झाले. त्यांच्या कार्याचे महत्त्व मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९०० च्या सुमारास जगाला उमगले.

मेंडेल यांच्या शोधाचा सोपा अर्थ असा : प्रत्येक गुणासाठी आपल्याला एक घटक आईकडून व एक वडिलांकडून मिळतो. या घटकांना आज आपण जनुके म्हणतो. आपणही आपल्या अपत्याला प्रत्येक जोडीतील एकच जनुक देतो. कोणते द्यायचे, हे आपल्या हाती नसते.

काही आजारांत जोडीतील एक सदोष जनुकही पुरेसे ठरते. हंटिंग्टन हा त्यांपैकी एक. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी, थोरले असो वा धाकटे. प्रत्येक अपत्याच्या वेळी जणू नव्याने नाणे उडविले जाते. त्यामुळे चारही भावंडे सुटू शकतात आणि चौघेही सापडू शकतात.

दुसऱ्या प्रकारच्या आजारांत दोन्ही जनुके सदोष असावी लागतात. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार या प्रकारचे आहेत. ज्याच्याकडे एकच सदोष जनुक असते, त्याला ‘वाहक’ म्हणतात. त्याला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही आणि म्हणून आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची शक्यता चारात दोन आणि पूर्णपणे निर्दोष असण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, हा समज साफ चुकीचा आहे.

तिसरा प्रकार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि काही कर्करोग यांत अनेक जनुके, आहार, सवयी आणि परिस्थिती यांचा एकत्रित परिणाम होतो. येथे घराण्यातून आजार येत नाही, तर आजाराकडे असलेला कल येतो. हा कल वेळीच कळला, तर पुष्कळ काही करता येते.

तळ्याकाठच्या गरिबांचे ऋण

व्हेनेझुएलामध्ये माराकायबो नावाचे एक मोठे सरोवर आहे. त्याच्या काठावरील मच्छीमारांच्या वस्त्यांत हंटिंग्टनचे रुग्ण जगात इतरत्र कोठेही नाहीत इतक्या मोठ्या संख्येने आढळतात. तेथील लोक या आजाराला नुसते ‘ती व्याधी’ म्हणत किंवा संत व्हायटस यांच्या नावाने ओळखत. अनावर हालचालींच्या आजारांत या हुतात्मा संताचा धावा करण्याची प्रथा युरोपात मध्ययुगापासून होती. अमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टरांना सुरुवातीला हे झोकांड्या खाणारे लोक दारू प्यालेले वाटले. नंतर हा आजार आहे हे त्यांनी ओळखले आणि १९५५ साली त्याविषयी लिहिले.

नॅन्सी वेक्स्लर या अमेरिकन संशोधिका १९७९ साली या वस्त्यांत प्रथम गेल्या. त्यांच्या स्वतःच्या आईला हंटिंग्टन झाला होता. म्हणजे त्यांनाही तो होण्याची शक्यता निम्मी होती. वर्षानुवर्षे तेथे जाऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा पिढ्यांतील अठरा हजारांहून अधिक व्यक्तींची वंशावळ तयार केली आणि हजारो लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. परक्या माणसांना रक्त द्यायला लोक बिचकत. तेव्हा आपल्या आईलाही हाच आजार होता आणि आपणही नमुना दिला आहे, हे वेक्स्लर त्यांना सांगत. ‘ही आपल्यापैकीच एक’ हे पटल्यावर लोकांनी त्यांना साथ दिली.

त्या रक्ताच्या आधारे १९८३ साली या आजाराचा ठावठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे समजले आणि १९९३ साली प्रत्यक्ष जनुक सापडले. या जनुकात तीन अक्षरांचा एक लहानसा भाग वारंवार येतो. तो चाळीस किंवा त्याहून अधिक वेळा आला, तर पूर्ण आयुष्य लाभलेल्या व्यक्तीला आजार होतोच. आज जगभर उपलब्ध असलेली रक्तचाचणी ही त्या तळ्याकाठच्या गरिबांनी मानवजातीला दिलेली देणगी आहे. त्यांच्या वाट्याला मात्र दारिद्र्यच राहिले, ही खेदाची बाब आहे. २०२० साली वेक्स्लर यांनी आपल्यालाही हाच आजार असल्याचे जाहीरपणे सांगितले.

माणसे आजार का लपवितात?

पहिले कारण भीती. मुलामुलींची लग्ने जमणार नाहीत, नोकरी जाईल, लोक नावे ठेवतील, अशी धास्ती असते. आपल्याकडे वधूपक्षाला ही भीती अधिक भेडसावते. कारण घराण्यातील दोषाचे खापर बहुतेक वेळा मुलीच्याच माथी फुटते. वास्तविक जनुके आईकडून आणि वडिलांकडून सारखीच येतात. सिकलसेलच्या बाळाला आजार होण्यासाठी तर दोघांचाही वाटा लागतो. तरीही ‘सुनेने आजार आणला’ असे म्हणणारी घरे ख्रिस्ती समाजातही आहेत, हे आपण मान्य केले पाहिजे.

ही भीती निराधार आहे, असेही म्हणता येणार नाही. १४ जुलै १९३३ रोजी जर्मनीतील नाझी सरकारने आनुवंशिक आजार असलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा संमत केला. त्या आजारांच्या यादीत हंटिंग्टनचे नाव स्पष्टपणे होते. घराण्याची माहिती सरकारदरबारी जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण, असा तो काळ होता. त्यापूर्वीच, १९३० साली, पोप पायस अकरावे यांनी ख्रिस्ती विवाहावरील आपल्या परिपत्रकात अशा सक्तीचा निषेध केला होता. पुढे ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी आजारी व दुर्बल लोकांच्या हत्येविरुद्ध प्रवचनपीठावरून आवाज उठविला. ज्ञान प्रेमापासून तुटले की ते दुबळ्यांवर उगारलेले शस्त्र बनते, हा त्या काळाचा धडा आहे.

दुसरे कारण अपराधी भावना. ‘आमच्या हातून काय पाप घडले म्हणून आमच्या लेकराला हे भोगावे लागते?’ हा प्रश्न अनेक मातापिता धर्मगुरूंना विचारतात. हाच प्रश्न शिष्यांनी प्रभू येशूला विचारला होता. जन्मांध माणसाला पाहून, पाप याचे की याच्या आईबापांचे, असे त्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने दोन्ही शक्यता फेटाळून लावल्या आणि त्या माणसाच्या ठायी देवाचे कार्य प्रकट व्हावयाचे आहे याकडे त्यांचे लक्ष वेधले. संत योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात हा प्रसंग आला आहे. बापाच्या पापाचा भार मुलाने वाहावयाचा नाही, ही शिकवण तर यहेज्केल संदेष्ट्याने त्याआधी कित्येक शतके दिली होती. जनुक आपण निवडून देत नाही. जे आपण निवडले नाही, त्याचे पातक आपल्यावर नाही. आनुवंशिक आजाराला शाप, करणी किंवा देवाची शिक्षा समजून मांत्रिकाच्या दारी जाणे हे विज्ञानाला धरून नाही आणि श्रद्धेलाही धरून नाही.

जाणून घ्यावे की नाही?

रक्तचाचणी उपलब्ध झाली, म्हणून ती प्रत्येकाने करावीच असे नाही. हंटिंग्टनच्या बाबतीत जगभरचा अनुभव असा की धोक्याच्या छायेत असलेल्यांपैकी थोडेच लोक आजार दिसण्यापूर्वी चाचणी करून घेतात. ज्यावर पूर्ण इलाज नाही, असे भविष्य वीस वर्षे आधी कळणे सर्वांनाच पेलत नाही. त्यामुळे चाचणीपूर्वी व चाचणीनंतर प्रशिक्षित आनुवंशिक समुपदेशकाचे मार्गदर्शन घेणे, कुणावरही चाचणीची सक्ती न करणे आणि लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची चाचणी न करणे, असे संकेत पाळले जातात. सज्ञान झाल्यावर मुलाने स्वतः ठरवावे. भावी सासऱ्याने वा मालकाने ‘आधी चाचणी करून आण’ असा आग्रह धरणे अन्यायकारक आहे.

मात्र ज्या आजारांत वेळीच कळल्याने जीव वाचतो, तेथे न्याय वेगळा आहे. घराण्यात आतड्याचा वा स्तनाचा कर्करोग तरुण वयात झालेला असेल, ऐन उमेदीत हृदयविकाराचे झटके आलेले असतील, तर डॉक्टरांना सांगून आपल्या तपासण्या लवकर सुरू करणे हे आपले कर्तव्य ठरते. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकीय दोष वडिलांकडूनही मुलीकडे येऊ शकतो. म्हणून आत्या आणि आजी यांचे आजारही तितकेच महत्त्वाचे आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

स्वतः चाचणी करावयाची की नाही, हा ज्याचा त्याचा हक्क आहे. पण घराण्यात आजार आहे, ही माहिती आपल्या सख्ख्यांपासून दडवून ठेवण्याचा हक्क कुणालाही नाही. कारण ती माहिती एकट्याची नसते. भावंडांची, पुतण्या-भाच्यांची आणि उद्याच्या पिढीचीही असते.

विवाह ठरविताना

विवाह करण्याचा हक्क ख्रिस्तसभा प्रत्येकाला देते. कायद्याने ज्यांना मनाई केलेली नाही, ते सर्व विवाहबद्ध होऊ शकतात, असे कॅनन लॉचे १०५८ वे कलम सांगते. आनुवंशिक आजार ही अशी मनाई नव्हे. परंतु हक्काबरोबर सत्याचे बंधनही येते. विवाहाची संमती मिळविण्यासाठी आपल्याविषयीची एखादी महत्त्वाची गोष्ट कपटाने लपविली आणि ती गोष्ट स्वभावतःच सहजीवनात गंभीर बाधा आणणारी असेल, तर असा विवाह अवैध ठरतो, असे १०९८ वे कलम आहे. प्रत्येक लपविलेला आजार या कलमात बसतो असे नाही. त्याचा निर्णय धर्मप्रांताचे न्यायमंडळ पुरावे पाहून करते. तरीही ज्या नात्याचे प्रतीक ख्रिस्त आणि त्याची ख्रिस्तसभा आहे, ते नाते लपवाछपवीच्या पायावर उभारू नये, हा त्यामागील विचार प्रत्येक कुटुंबाने ध्यानी घ्यावा.

१०९१ व्या कलमानुसार सख्ख्या मामे, आते, चुलत व मावस भावंडांचा विवाह खास परवानगीवाचून वैध होत नाही. या नियमाला वैद्यकीय दृष्ट्याही मोठा अर्थ आहे. अशा भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते.

सिकलसेलचा आजार नंदुरबार, गडचिरोली, पालघर यांसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी बांधवांत आणि विदर्भातील इतर काही समाजांतही आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य आहे. थॅलेसेमियाचा वाहक ओळखण्यासाठीही रक्ताची साधी तपासणी पुरते. लग्नाच्या वयातील तरुण-तरुणींनी ही तपासणी सोयरीक जुळण्यापूर्वीच करून घ्यावी. साखरपुड्यानंतर अहवाल आला, की मनस्ताप आणि बदनामी दोन्ही पदरी पडतात.

कॅथलिक दांपत्यांसाठी तर विवाहपूर्व तपासणीचे महत्त्व विशेष आहे. गर्भात दोष आढळला म्हणून गर्भपात करणे ख्रिस्तसभेला मान्य नाही. १९८७ साली श्रद्धासिद्धांत मंडळाने प्रसिद्ध केलेल्या ‘दोनुम विते’ या सूचनापत्रानुसार, गर्भाचे रक्षण व उपचार यांसाठी केलेले निदान योग्य आहे; गर्भ नाकारण्याच्या हेतूने केलेले निदान योग्य नाही. प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून त्यांतील सदोष भ्रूण टाकून देण्याची पद्धतही २००८ सालच्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या पत्राने नाकारली आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१७ च्या त्या भेटीत संशोधकांना, कितीही उदात्त हेतू असला तरी मानवी भ्रूणांचा नाश करू नये, असे आवाहन केले होते. म्हणूनच जे काही जाणून घ्यावयाचे, ते विवाहापूर्वी जाणून घेणे आणि मग प्रार्थनेने, डॉक्टरांच्या व धर्मगुरूंच्या सल्ल्याने निर्णय घेणे, हा आपल्यासाठी उचित मार्ग आहे. दोघेही वाहक असल्याचे कळूनही जी दांपत्ये विवाह करतात आणि होणाऱ्या अपत्याचे स्वागत करतात, त्यांना दोष न देता त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे आपले काम आहे.

घराची आरोग्यवही

प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. त्यात तीन पिढ्यांची नोंद असावी : आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी आणि आपली भावंडे. प्रत्येकापुढे कोणता आजार, कोणत्या वयात सुरू झाला आणि मृत्यू कोणत्या वयात व कशाने झाला, हे लिहावे. आजार कोणत्या वयात सुरू झाला, ही बाब विशेष महत्त्वाची. कारण ऐंशीव्या वर्षी आलेला झटका आणि चाळिसाव्या वर्षी आलेला झटका यांचा अर्थ वेगळा असतो. जन्मताच गेलेली बाळे आणि वारंवार झालेले गर्भपात यांचीही नोंद करावी.

‘अंगावरून वारे गेले’, ‘डोक्यावर परिणाम झाला’, ‘दारूने खंगला’, ‘पोटात गाठ होती’ असे मोघम शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतात. तेही तसेच उतरवून घ्यावेत. जाणकार डॉक्टर त्यांवरून बरेच काही ताडू शकतात. जुनी रुग्णालयीन कागदपत्रे फेकून देऊ नयेत. वये व नाती निश्चित करण्यासाठी आपल्यापाशी एक मोलाचे साधन आहे. प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे कॅनन लॉने बंधनकारक केले आहे. कार्यालयात रीतसर विनंती केल्यास आपल्या पूर्वजांच्या नोंदींचा शोध घेता येतो.

घरातील वयोवृद्ध आहेत तोवर हे काम उरकावे. त्यांच्याबरोबर जी माहिती मातीआड जाते, ती पुन्हा मिळत नाही. मात्र वही पाहून स्वतःच निदान करू नये. ती डॉक्टरांना दाखवावी. आणि ती गावभर वाचून दाखविण्याची गोष्ट नव्हे. गुप्तता आणि लपवाछपवी यांत फरक आहे. ज्याला कळणे गरजेचे आहे, त्याला सांगणे आणि इतरांपासून राखणे, ही गुप्तता.

धर्मग्रामाने काय करावे?

पहिली गोष्ट, निवाडा करण्याची घाई करू नये. चर्चच्या पायरीवर कुणाचा तोल गेला, म्हणजे तो प्यालाच असे नाही. एखादा आजारी पुरुष चिडतो, संशय घेतो, कामावर टिकत नाही; तो आळशी वा दुष्ट आहे असे नव्हे, कदाचित त्याचा मेंदू आजारी असेल.

दुसरी गोष्ट, रुग्णाबरोबरच शुश्रूषा करणाऱ्याची विचारपूस करावी. पंधरा-पंधरा वर्षे एकटीने सेवा करणाऱ्या पत्नीला रविवारची मिस्साही दुर्लभ होते. आळीतील लहान ख्रिस्ती समूहाने आळीपाळीने दोन तास रुग्णापाशी बसावे; त्या दोन तासांत तिला मिस्सा मिळेल, बाजारहाट होईल, निदान डोळा लागेल. अशा घरांतील मुलांकडेही लक्ष असावे. ती आईची वा वडिलांची अवस्था पाहतात आणि उद्या आपलीही हीच गत होईल का, हा प्रश्न मनात दाबून ठेवतात. खिन्नता वाढली, जगण्याविषयी निराशेची भाषा आली, तर विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

तिसरी गोष्ट, संस्कारांपासून रुग्ण वंचित राहू नये. ज्याला घास गिळता येत नाही, त्याला गरज पडल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देता येतो, अशी तरतूद कॅनन लॉच्या ९२५ व्या कलमात आहे. रुग्णाभ्यंग संस्कार हा शेवटच्या घटकेसाठीच राखलेला नाही. गंभीर आजारात तो घेता येतो आणि प्रकृती अधिक बिघडल्यास पुन्हा घेता येतो. घरच्यांनी संकोच न करता धर्मगुरूंना बोलवावे.

चौथी गोष्ट, हक्कांची माहिती द्यावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा, तसेच दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या विकारांचाही समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी कुटुंबाबरोबर सरकारी रुग्णालयात जाणारा एखादा सुशिक्षित तरुण मिळाला, तरी मोठे काम होते. आपल्या विवाहपूर्व शिबिरांतही आनुवंशिक आजारांवर एखादे सत्र डॉक्टरांकडून घेतले जावे.

आपण आपल्या मुलांना घर, जमीन, भाषा आणि श्रद्धा यांचा वारसा देतो. त्यांच्या नकळत, आपल्याही नकळत, रक्तातूनही काही देतो. ते काय असावे हे ठरविणे आपल्या हाती नाही. पण त्याविषयी खरे बोलणे आणि ज्याच्या वाट्याला ते ओझे आले त्याला एकटे न सोडणे आपल्या हाती आहे. येत्या रविवारी जेवणानंतर घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून आरोग्यवहीचे पहिले पान लिहावे. जन्मांधाच्या आईबापांवरील दोषारोप दूर करणारा प्रभू येशू त्या वेळी आपल्या घरी उपस्थित असेल, हा विश्वास बाळगू या.